आगटी आणि छावणी

अमरकोशात मांसाच्या पदार्थांची नावे देताना कोशकाराने दोन गट शेजारीशेजारी ठेवले आहेत. शुळावर गोवून भाजलेले ते ‘शूल्य’ किंवा ‘भटित्र’. भांड्यात शिजवलेले ते ‘उख्य’ किंवा ‘पैठर’. उखा म्हणजे मडके आणि पिठर म्हणजेही मडकेच. हा भेद चवीचा नाही, साधनाचा आहे. एका माणसाजवळ भांडे आहे, दुसऱ्याजवळ नाही. ज्याच्याजवळ भांडे आहे त्याला ते ठेवायला जागा आहे, घासायला पाणी आहे, उद्याही तेथेच चूल पेटवायची आहे. ज्याच्याजवळ ते नाही त्याच्याकडे फक्त विस्तव आणि काडी. कोशातल्या या दोन नावांमध्ये घर आणि मुक्काम यांतला भेद दडलेला आहे असे मला वाटते.

मराठीने हा भेद आपल्या परीने जपला. ‘शिजणे’ हे क्रियापद आपण घराशी जोडतो. ‘भाजणे’ मात्र कुठेही घडू शकते. भाकरी तव्यावर भाजते, कणीस आरावर भाजते, वांगे चुलीच्या कडेला भाजते, विटा भट्टीत भाजतात. विस्तवाच्या अवस्थांनाही मराठीत निराळी नावे आहेत. जाळ वेगळा, आर वेगळा, निखारा वेगळा, आणि सगळ्यांत शेवटी उरणारी ती ऊन राख म्हणजे फुफाटा. ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण आपण संकटाच्या संदर्भात वापरतो, पण तिच्या मागे भाजणाऱ्याचे पक्के ज्ञान आहे. जाळातून निसटता येते, तो वरवर चाटतो. फुफाटा चहूबाजूंनी वेढतो आणि तासन् तास धरून ठेवतो. म्हणूनच जाड रोडगा किंवा कंद जाळावर टाकत नाहीत, फुफाट्यात पुरतात.

प्रस्तुत लेखाचा विषय हा घराबाहेरचा विस्तव आहे. निमित्त आजचेच आहे. पवना धरणाच्या काठी तंबूंच्या रांगा लागतात आणि प्रत्येक तंबूपुढे एक घडीची लोखंडी शेगडी, कोळशाची पिशवी आणि सळयांवर ओवलेले मांस वा पनीर असा सरंजाम मांडलेला असतो. याला ‘बार्बेक्यू’ म्हणतात. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील तैनो लोकांचा. काठ्यांच्या चौकटीला असलेले त्यांचे नाव स्पॅनिशमधून ‘बार्बाकोआ’ होऊन इंग्रजीत आले. उचलून नेता येणाऱ्या शेगडीचा प्रसार मात्र मोटारगाडीने केला. अमेरिकेत हेन्री फोर्डने मोटारींच्या लाकडी भागांतून उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून त्याच्या वड्या विकायला काढल्या, आणि १९३०च्या दशकात फोर्डच्या विक्रेत्यांकडे कोळसा व लहान शेगडी यांचा सहलीसाठीचा संच मिळू लागला. पुढे १९५२ साली शिकागोच्या जॉर्ज स्टीफनने समुद्रातल्या तरंडाच्या धातूच्या गोळ्यावरून झाकणाची गोल शेगडी बनवली. झाकण आले आणि नुसत्या निखाऱ्यावर शेकण्याऐवजी कोंडलेल्या उष्णतेत सबंध कोंबडी किंवा मांसाचा मोठा तुकडा आतपर्यंत भाजणे, म्हणजे ज्याला इंग्रजीत ‘रोस्ट’ म्हणतात ते, उघड्यावर शक्य झाले.

ही झाली तिकडची कथा. आपल्याकडे हे सगळे परदेशातून आले अशी एक समजूत रूढ आहे. तिला उत्तर म्हणून ‘आमच्याकडे हे पूर्वीपासूनच होते’ अशी छाती फुगवण्याची दुसरी सवयही रूढ आहे. दोन्ही टाळून वेगळा प्रश्न विचारता येईल. आपल्या मुलखात घराबाहेर मुक्काम ठोकून कोण भाजत होते, काय भाजत होते, आणि जे भाजले जात होते ते कोणाच्या शेतातले होते?

हा प्रश्न विचारायला येरमाळ्यासारखे गाव सोयीचे आहे. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातले हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेवर, सोलापूर-धुळे महामार्गाला बार्शी आणि कळंबकडचे रस्ते मिळतात तेथे वसलेले आहे. येडेश्वरीचे ठाणे येथेच. चैत्र पौर्णिमेला देवीची यात्रा भरते. पौर्णिमेनंतर पालखी डोंगरावरच्या मंदिरातून खाली आमराईकडे निघते, वाटेत भाविक चुनखडीचे खडे वेचतात, आणि पालखीचा मुक्काम आमराईत पडतो. देव मुक्कामाला जातो, मग माणसांचे काय! यात्रेच्या त्या दिवसांत माळावर तीन-तीन दगडांच्या चुली मांडल्या जातात. याच जिल्ह्यात आणखी दक्षिणेला अणदूर आणि नळदुर्ग यांच्यामध्ये खंडोबाची मूर्ती वर्षाचा काही काळ इकडे आणि उरलेला तिकडे अशी राहते. देवांनाही एका जागी स्वस्थ बसू न देणारा हा मुलूख आहे. इथली जमीन काळी, पाऊस बेभरवशाचा आणि पीक रब्बी ज्वारीचे.

ज्वारी म्हटली की हुरडा आला, आणि हुरडा म्हटला की आगटी आली.

आगटी म्हणजे शेतात उकरलेला एक उथळ खळगा. त्यात गोवऱ्या रचून पेटवतात. जाळ विझून नुसता आर उरला की ज्वारीची कोवळी कणसे दांड्याने धरून त्यात खुपसतात. गोवरीचा विस्तव मंद आणि टिकाऊ असतो. लाकडाच्या निखाऱ्याइतका तो अंगावर येत नाही, म्हणून दाणा करपत नाही, आतल्या ओलाव्यातच वाफवल्यासारखा होतो. मग कणीस बाहेर काढायचे, तळहातात धरून चोळायचे, कोंडा फुंकून उडवायचा आणि गरम दाणे समोरच्याच्या हातावर ठेवायचे. सोबत शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, गूळ, दही, मराठवाड्यात गोडीशेव आणि बोरे. हुरड्याचे दिवस थोडे असतात. दाण्यात दूध भरल्यानंतर आणि ते घट्ट पिठाळ होण्यापूर्वी जे मोजके दिवस मिळतात तेवढेच. या अवस्थेत दाण्यातल्या साखरेचा पुरता स्टार्च झालेला नसतो, म्हणून हुरडा गोड लागतो. सुरती, गूळभेंडी, कुचकुची ही खास हुरड्यासाठी बांधाकडेला पेरायच्या वाणांची जुनी नावे. अलीकडे परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ आणि राहुरीच्या विद्यापीठाने ‘फुले मधुर’ असे वाण याच कामासाठी काढले. ज्वारीचा तो हुरडा, हरभऱ्याचा तो हुळा, गव्हाच्या त्या ओंब्या आणि बाजरीचे ते निंबूर. उभ्या पिकातून थेट विस्तवात जाणाऱ्या प्रत्येक धान्याला मराठीत वेगळे नाव आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने सहज सोडून देऊ नये.

‘आगटी’ हा शब्द आज आपल्याला हुरड्याच्या सहलीतला वाटतो. पण त्याचा एक जुना आणि फार गंभीर उल्लेख शिवाजी महाराजांच्या पत्रात आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांत चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले हे पत्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्यातला रयतेच्या भाजीच्या देठाविषयीचा भाग सभा-संमेलनांतून सतत सांगितला जातो. तेवढाच सांगितला जातो, हे आपले दुर्दैव. त्याच पत्रात विस्तवाविषयी मजकूर आहे. गवत पडले आहे, वारा सुटला आहे, याचा विचार न करता लष्करातले कोणी आगट्या करतील, कोणी भलत्याच जागी रांधायला चुली घालतील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेतील, आणि एका खणाला लागलेली आग साऱ्या छावणीला घेऊन जाईल, असा त्याचा आशय. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत पत्र लिहिणाऱ्याचे लक्ष आहे.

हे पत्र वाचताना आपण एका प्रशासकाची दूरदृष्टी पाहतो आणि थांबतो. मला त्यात छावणीचे चित्र दिसते. हजारो माणसे, जनावरे, गवताच्या गंजी, पेंढ्यामाचोळ्याचे आडोसे. आणि जागोजाग प्रत्येकाचा स्वतंत्र विस्तव. आगटी आणि चूल यांचा उल्लेख वेगवेगळा यावा, हेही लक्षणीय आहे. चूल रांधण्यासाठी, आगटी शेकण्यासाठी, आणि शेकता शेकता हाती लागेल ते भाजण्यासाठी. पत्राचे दोन भाग, म्हणजे रयतेला उपद्रव न देण्याची ताकीद आणि विस्तव जपण्याची ताकीद, वरवर स्वतंत्र वाटतात, पण ते एकाच चिंतेतून आलेले आहेत. छावणीचा साठा बेपर्वाईने संपला किंवा जळाला, की सैनिक जवळच्या गावात शिरणार. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी. छावणीतली बेफाम आगटी शेवटी गावाच्या शेतावरच येऊन विझते.

बाजीरावाची ती प्रसिद्ध आख्यायिका या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखी आहे. निजामाने (काहींच्या मते दिल्लीच्या बादशहाने) बाजीराव दिसतो कसा हे कळावे म्हणून चित्रकार पाठवला. त्याने आणलेल्या चित्रात बाजीराव घोड्यावर आहे, लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडलेला, भाला खांद्यावर टेकवलेला आणि दोन्ही हातांनी कणीस चोळून तो दाणे तोंडात टाकतो आहे. ही गोष्ट साधेपणाचा आणि चपळाईचा दाखला म्हणून सांगतात, आणि तो दाखला खोटा नाही. मुदपाकखाना बरोबर घेऊन निघालेल्या फौजेच्या पुढे ही फौज निघून जाई, कारण तिला थांबून शिजवण्याची गरज कमी होती. पालखेडला निजामाची कोंडी झाली ती २८ फेब्रुवारी १७२८च्या सुमारास, म्हणजे रब्बी ज्वारी पिकून काढणीला येते त्या दिवसांत. मुंगी-शेवगावचा तह झाला तो लगोलग मार्चमध्ये. पालखेड वैजापूर भागातले, म्हणजे हीही मराठवाड्याची ज्वारीच. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली मोहीम हुरड्याच्या दिवसांतून जाते आणि सुगीच्या दिवसांत निकाल लावते, असे त्या काळच्या युद्धाचे पंचांग होते. चित्रकाराने ते कणीस अचूक टिपले. ते कोणत्या बांधावरचे हे त्याने काढले नाही, आणि आख्यायिका सांगणाऱ्या कोणालाच ते विचारावेसे वाटले नाही.

फौजांच्या मागे धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे असत, त्यांच्याबाबतही अशीच गोष्ट सांगतात. मोगली सरदाराने त्यांना रांजणातले पाणी आणि छपराचे गवत घेण्याची मुभा ताम्रपटावर दिली अशी ती आख्यायिका. रांजण आणि छप्पर अर्थातच गावकऱ्यांचे!

लिखित पाककलेचा इतिहास या माणसांपर्यंत पोहोचत नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१च्या (इ. स. ११२९) सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरग्याच्या पलीकडे फार दूर नाही. त्याच्या अन्नभोगाच्या प्रकरणात शुळावर गोवून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या कृती तपशिलाने आहेत. शेतातल्या घुशीसुद्धा राजाने वर्ज्य मानलेल्या नाहीत. शिवाय क्रीडांच्या विंशतीत डोंगरावरची, वनातली, वाळवंटातली, चांदण्यातली अशा घराबाहेरच्या विहारांची वेगवेगळी प्रकरणेच आहेत. म्हणजे ‘कॅम्पिंग’ हा राजविलास आठशे-नऊशे वर्षांपूर्वी शास्त्रबद्ध झालेला होता. पण तो राजाचा. त्यानंतर मराठीत छापील पाकशास्त्र येते ते १८७५ साली, रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’च्या रूपाने, आणि १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’. ही पुस्तके घरासाठी आहेत, नावापासूनच. एक राजाचा मुदपाक आणि दुसरे मध्यमवर्गीय स्वयंपाकघर. या दोहोंच्या मध्ये माळावर जो विस्तव पेटत होता त्याचे पुस्तक कोणी लिहिले नाही. लिहायला कृती तरी काय होती? आर करावा, कणीस खुपसावे.

भाजलेल्या अन्नाची नोंद पाकशास्त्रात नाही, ती भक्तिसाहित्यात आणि कुलाचारात आहे. खंडोबाला चंपाषष्ठीचा नैवेद्य वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा. दोन्ही भाजलेले, दोन्हींना भांडे लागत नाही. धनगरांच्या, शेतकऱ्यांच्या आणि स्वारांच्या देवाचा हा नैवेद्य आहे. त्याच्या भक्तांजवळ वाटेवर जे होते तेच त्याच्या ताटात आले असे म्हटले तर ते फार धाडसाचे होणार नाही. विदर्भात शेतावर जमून गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजण्याचे कार्यक्रम अजून होतात, आणि पळसाच्या पानांत कणकेचा गोळा दाबून भाजलेले पानगेही.

एकनाथांच्या एका सर्वपरिचित भारुडात सासुरवाशीण भवानीला रोडग्याचा नवस बोलते. सासरा, सासू, जाऊ, नणंद असा एकेकाचा काटा काढण्याची मागणी ती करते आणि मोबदल्यात रोडगा वाहीन म्हणते. भाष्यकार लगेच रूपकाकडे वळतात. सासू म्हणजे अमुक विकार, नणंद म्हणजे तमुक वासना. ते असू द्या; नाथांना ते अभिप्रेत असणारच. पण रोडगाच का? पुरणपोळी का नाही? पुरणपोळीला घर लागते. पाटा लागतो, तवा लागतो, डाळ शिजवायला भांडे लागते आणि बहुधा मदतीला तीच जाऊ लागते. रोडगा एकटीला जमतो, उघड्यावर जमतो. जिला साऱ्या घरापासून सुटायचे आहे ती घराच्या चुलीशिवाय होणारा पदार्थ देवीला कबूल करते. तुळजापूरच्या किंवा येरमाळ्याच्या वाटेवर दगडांच्या आडोशाला विस्तव पेटवणाऱ्या बाईला हा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसता.

इंग्रजी अमदानीत मुक्कामाच्या स्वयंपाकाला पुस्तके मिळाली, पण ती साहेबाची. १८५३च्या तहाने धाराशिव-नळदुर्ग भाग काही वर्षे इंग्रजी अमलाखाली गेला. १८६०मध्ये तो निजामाला परत मिळाला. या दरम्यान नळदुर्गला कारभार पाहिला तो कर्नल मेडोज टेलर याने. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा हाच लेखक, त्याच्या ‘तारा’ या १८६३च्या कादंबरीची सुरुवात तुळजापुरात होते. अशा अधिकाऱ्यांचे हिवाळे तंबूत जात. आधीचा तंबू उठायच्या आत पुढच्या मुक्कामाचा तंबू उभा राहिलेला असे, आणि खानसामा डेगचीच्या झाकणावर निखारे रचून, वरून आणि खालून आच देऊन, विलायती ‘रोस्ट’ साधत असे. ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या केनी-हर्बर्टच्या ‘क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास’मध्ये (१८७८) छावणीतल्या स्वयंपाकावर वेगळे प्रकरण आहे, फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांच्या १८८८च्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकातही आहे. या ग्रंथांपेक्षा मला ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातली एक नोंद अधिक बोलकी वाटते. डाकबंगल्यात मुसाफिराला मिळणाऱ्या कोंबडीला साहेबलोक ‘सडन डेथ’ म्हणत. मुसाफिर आवारात शिरताना पकडलेली कोंबडी त्याची अंघोळ होऊन कपडे घालेपर्यंत भाजून टेबलावर येई, म्हणून हे नाव. विनोद चांगला आहे. कोंबडीच्या बाजूने पाहिले तर थोडा कमी चांगला.

निजामाच्या राज्यातही शिकारीच्या मुक्कामांची परंपरा होतीच. हैदराबादचे ‘पत्थर का गोश्त’ सहाव्या निजामाच्या शिकारीत सळया विसरल्यामुळे तापलेल्या शिळेवर मांस भाजावे लागले, त्यातून जन्मले असे सांगतात. आख्यायिका गोड आहे; सळया विसरल्यावर जे करावे लागले ते त्याच मुलखातला गुराखी रोज करत होता, एवढेच.

झाकून भाजण्याची, म्हणजे खऱ्या अर्थाने ‘रोस्ट’ची, आपली सर्वांत परिपूर्ण पद्धत मात्र मराठवाड्यात नाही. ती रायगड जिल्ह्यात आहे. तिला पोपटी म्हणतात. हिवाळ्यात वालाच्या शेंगा तयार झाल्या की मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, जमल्यास मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, पुन्हा पाला, आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. पाल्यातला आणि शेंगांतला ओलावा आत कोंडतो, मडके चहूकडून तापते. जॉर्ज स्टीफनच्या झाकणाने जे केले तेच हे; फक्त पेटी आतबाहेर उलटी केलेली, विस्तव बाहेर आणि अन्न आत. अमरकोशाच्या वर्गवारीत ही पोपटी कुठे बसवावी? भांडे आहे म्हणून ‘पैठर’, की पाणी नाही म्हणून ‘भटित्र’? कोकणातल्या शेतकऱ्याने दोन्ही नावे निरुपयोगी करून टाकली आहेत.

पण हुरडा आणि पोपटी हे अखेर जमीन असणाऱ्याचे सुख. ज्यांचा मुक्काम हौसेचा नव्हता त्यांचे काय? येथे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाचा उल्लेख अपरिहार्य आहे. मराठवाड्यातल्या मांग आणि महार समाजांच्या खाद्यसंस्कृतीची ही नोंद; २०२४मध्ये ती इंग्रजीतही आली. मांसाच्या लांब पट्ट्या काढून उन्हात वाळवलेल्या चान्या त्यात भेटतात. जे मिळाले ते एकदम संपवता येत नाही, साठवायला साधन नाही, तेव्हा ऊन हेच कोठार. चानी जवळ असली की ती विस्तवावर टाकायला भांडे लागत नाही. पाकशास्त्राच्या पुस्तकांत ज्याची जागा कोरी राहिली होती ते हे पान आहे, आणि ते लिहायला १८७५पासून १४० वर्षे लागली. सोमेश्वराने लिहिले की तो विलास ठरतो. गावकुसाबाहेरच्याने तेच खाल्ले की त्याची लाज वाटावी अशी व्यवस्था असते. भाजण्याची क्रिया दोन्हीकडे एकच.

आजही या जिल्ह्यांत जे खरोखर मुक्कामावर राहतात त्यांना कोणी ‘कॅम्पिंग’ करणारे म्हणत नाही. मेंढ्यांचे कळप घेऊन हिंडणाऱ्या धनगरांच्या मुक्कामाला ‘वाडा’ म्हणतात. शब्दाचा उपरोध कोणाला जाणवत असेल तर जाणवो. शेतात मेंढ्या बसवल्या की लेंड्यांचे खत मिळते, म्हणून शेतकरी त्यांना बोलावतो, आणि त्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. येथे मुक्काम करणारा शेताचे काही नेत नाही, देऊन जातो. दुसरे ऊसतोड कामगार. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतून दरवर्षी हंगामाला हजारो जोडपी निघतात, एका जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात, आणि पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात कारखान्याच्या आसपास पाचटाच्या, तट्ट्याच्या कोप्या करून चार-पाच महिने राहतात. कोपीपुढे तीन दगड. निघतात त्या वेळी गावाकडे ज्वारी नुकतीच उगवलेली असते. ती हुरड्यावर येते तेव्हा ती परक्या फडात असतात.

आणि तिकडे हुरड्याला आता दर लागलेला आहे. २०२०मध्ये महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण आणले. शहरातून गाड्या येतात, माणशी पैसे मोजून हुरडा, बैलगाडीची फेरी आणि दुपारचे जेवण मिळते. याविषयी नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. फौजेने कधी कणसाचे पैसे दिले होते? कणीस मोडणाऱ्या पाहुण्याने बांधावरच्या माणसाला मोबदला द्यावा, ही या साऱ्या इतिहासातली नवी गोष्ट आहे. खंत आहे ती निराळी. सोयाबीन आणि ऊस यांनी मराठवाड्यात ज्वारीची जागा खाल्ली. जेथे रान उभे नाही तेथे हुरड्यासाठी मुद्दाम चार ओळी पेरल्या जातात, आणि आगटी भाजणाऱ्या हातांना, कणीस कोणत्या क्षणी बाहेर काढायचे हे कळणाऱ्या हातांना, त्या दिवसापुरते मजुरीवर बोलवावे लागते.

छावणी या शब्दाचेही असेच झाले आहे. शिवकाळात ती पावसाळ्यात एका जागी थांबलेल्या लष्कराची होती. इंग्रजी अमलात ती औरंगाबादच्या छावणीसारखी कायमची वस्ती झाली, शिस्तीची आणि चुन्याने रंगवलेल्या दगडांची. येरमाळ्याच्या आसपासच्या तालुक्यांत आता छावणी म्हटले की डोळ्यांपुढे चारा छावणी येते. २०१३ला आली, २०१९ला आली. दुष्काळात गावातली जनावरे एका माळावर दावणीला बांधतात, सरकारी चारा आणि टँकरचे पाणी मिळते, आणि जनावरांमागे घरातले एखादे माणूस, बहुतेक वेळा म्हातारे, तेथेच महिनोन् महिने राहायला जाते. वरती शेडनेट किंवा पोत्याचे छत, शेजारी वैरणीचा ढीग. जेवणाचा डबा घरून येतो. विस्तव लागतो तो चहापुरता आणि पहाटेच्या गारठ्यापुरता, आणि तो पेटवताना छावणीवाला ओरडतो, वैरण जपा, वारा सुटला आहे.